पार्डन

घराला नंबर होता, सत्तेचाळीस.
तरी बाबांनी फळीवर तापल्या सळईनं नाव डागलं : एव्हडेस.
एव्हरिल आणि डेझमंड, दोघांचं मिळून.
घर एवढंसं, एक भिंत शेजाऱ्यांच्या सामाईकीत,
त्यांनी नळ सोडला की आमच्या बश्या किणकिणत.
पोस्टमन नंबर बघूनच पत्रं टाकायचा.

बाबा विमा कंपनीत. आजोबा बुटांच्या कारखान्यात कातडं कापायचे,
त्यांचा फोटो जिन्याखाली, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी.
जाळीचे पडदे दर पंधरवड्याला निळीत.
झाकली मूठ, आणि मूठही इस्त्रीची.

पुढच्या खोलीला लाउंज म्हणायचं आणि तिथे बसायचं नाही,
पाहुणे येतील.
एकदा आले, चर्चचे पाद्री, भर पावसात,
आणि ओले बूट बघून स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन बसले.
आईला तो दिवस विसरता आला नाही.

फोन वाजला की आईच्या गळ्यातून दुसरीच बाई बोलायची,
आधी आमचा नंबर, एकेक आकडा पुसून ठेवल्यासारखा.
पलीकडे ग्लेनिस मावशी निघाली
की दोन वाक्यांत ती बाई निघून जायची.

आणि ऐकू आलं नाही तर ‘व्हॉट’ म्हणायचं नाही.
व्हॉट म्हणतात चौदा नंबरची पोरं,
ज्यांच्या दारात मोटार विटांवर उभी असते.
आपण म्हणतो पार्डन.
हे शिकवताना ती दंडाला चिमटा काढायची,
बाहीच्या आतून, बारीक,
बघणाऱ्याला वाटावं लेकीची बाही सारखी करतेय.

पिअर्सच्या आईवडलांकडे पहिल्यांदा गेले
तेव्हा फाटकावर नंबर नव्हता. नावही नव्हतं.
ज्यांनी यायचं त्यांना माहीत असतं.
गालिच्याला परातीएवढं भोक, भोकात कुत्रा.
माझ्या कपाचा कान तुटलेला,
त्याच्या वडलांच्या स्वेटरला कोपरच नव्हतं,
गारठा असा की मी कोट काढला नाही,
आणि कुणीही, कशाहीबद्दल, सॉरी म्हणालं नाही.

टेबलाच्या त्या टोकावरून त्याची आई काहीतरी बोलली.
मी म्हणाले, पार्डन?

कुणी हसलं नाही.
फक्त त्याच्या बहिणीनं बटाटे पुढे करत विचारलं,
कुठलं गाव म्हणालीस तुझं?
केटरिंग, मी म्हणाले.
आणि त्याचे वडील, कानानं अधू, ओरडले : व्हॉट?
हुबेहूब चौदा नंबर.

म्हणजे वरच्या माळ्यावर व्हॉट, तळमजल्यावरही व्हॉट,
मधल्या जिन्यात आम्हीच तेवढे माफी मागत उभे,
कठड्याला हात न लावता,
कारण त्याला सकाळीच पॉलिश केलंय.

परतीच्या गाडीत मी तो शब्द खोडला.
मग लाउंज. मग सर्व्हिएट. मग टॉयलेट.
रविवारी फोनवर आई विचारायची,
सर्दी झालीय का तुला? आवाज वेगळा येतोय.
हो, मी म्हणायचे. तीस वर्षं सर्दी.

गेल्या मार्चात, केटरिंगच्या इस्पितळात,
डॉक्टर कोवळा होता, बुटाची नाडी सुटलेली,
बोलत होता कागदाशी.
आईनं उशीला टेकत मान उचलली,
ती फोनवरची बाई शोधून आणली कुठून तरी :
पार्डन?
तो पुन्हा बोलला, पुन्हा कागदाशी.
पार्डन?
मग तो माझ्याकडे वळला
आणि जे तिला सांगायचं ते मला सांगितलं.

मला नीट ऐकू आलं होतं.
सगळं.
मी म्हणाले, पार्डन?
आणि बोटानं तिच्याकडे दाखवलं.

त्यानं खुर्ची ओढली, खाली बसला,
आणि मोठ्यानं, तिच्याकडे बघून, पहिल्यापासून सुरू केलं.
आईनं ब्लँकेटची कड सरळ केली.
मग पलंगाच्या कठड्यातून हात काढून
माझी बाही सारखी केली.